वाबळे सरांचं अनुमोदन

प्रा. संतराम वाबळे यांनी आयुष्यात कुठल्याही लेकराला "चूक" म्हटलं नव्हतं. याचा त्यांना फार अभिमान होता. इतका, की निवृत्तीच्या निरोप समारंभात कोणीतरी हे बोलून दाखवेल, अशी ते दोन वर्षं आधीपासूनच वाट पाहत होते.

कॉलेजात भूगोल शिकवायला लागण्याआधी सर कुरुंद्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गाला होते. फळ्यासमोर उभं राहून एखादं पोरगं "सात आठे पंचावन्न" म्हणायचं. आता अशा वेळी चूक म्हटलं, की लेकरू तोंड मिटतं, आणि एकदा मिटलेलं तोंड उघडायला वर्ष जातं. म्हणून सर हळूच मान हलवत, शेवटचं अक्षर लांबवत म्हणायचे, "बराबऽर... म्हण पुन्हा एकदा." पोरगं पुन्हा म्हणायचं, बोटं मोजायचं, छताकडं बघायचं आणि छप्पन्नावर येऊन थांबायचं. तेव्हा सर काहीच बोलायचे नाहीत. हातातला खडू टेबलावर ठेवायचे. सरांनी खडू ठेवला म्हणजे उत्तर जमलं, आणि सर "बराबऽर" म्हणाले म्हणजे अजून जमलेलं नाही, हे साऱ्या वर्गाला पाठ होतं.

पुढं सर शिकत गेले, पीएच.डी. झाले, कळमनुरीच्या कॉलेजात लागले. समोरची लेकरं मोठी झाली, काहींना मिशा आल्या; सरांची सवय मात्र दुसरीतच राहिली. बी.ए.च्या वर्गात कोणी कयाधू नदी थेट समुद्रात नेऊन सोडली, तरी सर म्हणायचे, "बराबऽर... नकाशात बघ पुन्हा." पोरंही हसत हसत नदीला पैनगंगेकडं वळवायची. वर्गात सगळं सुरळीत होतं. घोटाळा झाला तो सर वर्गाबाहेर पडले तेव्हा.

कॉलेजचा कारभार एकट्या संस्थाचालकांनी हाकू नये, शिकवणाऱ्यांचाही त्यात सहभाग असावा, असं विद्यापीठाचा कायदा सांगतो. त्यासाठी प्रत्येक कॉलेजात एक विकास समिती असते आणि तिच्यावर तीन प्राध्यापक निवडून जातात. सरांच्या कॉलेजात तीन जागांसाठी तीनच अर्ज आले, तेही प्राचार्य सुदाम जाधव यांनी स्टाफरूममध्ये येऊन "कोणीतरी भरा हो, वरून विचारणा होते," अशी विनवणी केल्यावर. सर बिनविरोध निवडून आले. घरी जाऊन त्यांनी ही बातमी गोजरबाईंना सांगितली, "बिनविरोध" या शब्दावर थोडा जोर देऊन.

"म्हंजे दुसरं कोणी तयारच न्हवतं म्हणा की," गोजरबाई म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

समितीची बैठक व्हायची, पोहे यायचे, फोटो निघायचा. विद्यापीठाची माणसं तपासणीला आली आणि "कारभारात प्राध्यापकांचा सहभाग आहे का?" असं त्यांनी विचारलं, की तो फोटो दाखवायचा. फोटोत सर नेहमी डावीकडून दुसरे, हातात बशी.

सभेची रीतही सोपी होती. ठराव मांडतो तो सूचक, त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. एक सूचक, एक अनुमोदक, बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं. सूचक बहुधा प्राचार्यच असत. अनुमोदक कोण असतो, याकडं सरांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. तिथंच त्यांचं चुकलं.

कारण सर बैठकीत गप्प बसत नसत. संस्थेचे अध्यक्ष रामप्रसाद बापू काही भलतंच बोलले, की सर लगेच हळूच मान हलवून "बराबऽर" म्हणायचे आणि बापू फेरविचार करतील म्हणून थांबायचे. बापू फेरविचार करत नसत. तरी आपण विरोध नोंदवला, या समाधानात सर घरी यायचे. मनातल्या मनात ते विरोधी पक्षनेते होते. अडचण एवढीच, की सभागृहही मनातच होतं.

पावसाळ्यातल्या बैठकीत बापूंनी घसा साफ केला. ते नुकतेच पुण्याला जाऊन आले होते.

"तिकडं सात वाजता लेकरं वर्गात असतेत," बापू म्हणाले. "सात म्हंजे सात! अन् आपली? दहाला येतेत, अकराला च्या पेतेत. दिवाळीनंतर आपलं कॉलेज बी सातलाच भरवायचं. दुपारून इमारत मोकळी ऱ्हाईल. आमच्या पुतण्याची पोलीस भरतीची अकादमी तिथंच बसवू. काय म्हणता?"

सरांच्या डोळ्यांपुढं डोंगरकडा गावाकडून येणारी एसटी उभी राहिली. त्या बाजूच्या तांड्यांवरच्या मुली तिनं येतात, आणि ती येते नऊला. त्याआधी गाडीच नाही. सात वाजताचं कॉलेज म्हणजे त्या मुलींना कॉलेजच नाही. हे साफ चुकतंय, असं सरांना आतून वाटलं. आणि आतून वाटलं म्हणूनच त्यांनी मान हलवली.

"बराबऽर..." सर म्हणाले, आणि थांबले.

बापूंनी बोटं मोजली नाहीत. छताकडंही बघितलं नाही. सरांची काळजी वाढली. एखादं लेकरू फारच भरकटलं तर सर दोनदा म्हणायचे. तसं त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं, "बराबऽर, बापू..."

"बघा, वाबळे सर दोनदा म्हणले!" बापू खुशीत आले. "शिकलेला माणूस असा लागतो. घ्या लिहून."

प्राचार्यांनी लिहून घेतलं.

चार दिवसांनी सूचनाफलकावर कागद लागला. सर बी.ए. दुसऱ्या वर्षाचा तास घेऊन बाहेर पडत होते, तेवढ्यात वर्गातल्या रुपा आणि पुजा या दोघी वाटेत उभ्या राहिल्या. दोघी डोंगरकड्याच्या पुढच्या एकाच तांड्यावरच्या. पुजा कशालाही हसायची. रुपा कारण असल्याशिवाय हसायची नाही.

"सर, अनुमोदक म्हंजे काय असतंय?" रुपानं विचारलं.

सरांना प्रश्न आवडला. कारभाराविषयी मुली विचारतात, हे फार चांगलं लक्षण. त्यांनी समजावून सांगितलं: ठरावाला जो दुजोरा देतो तो अनुमोदक; त्याच्याशिवाय ठराव उभा राहत नाही; म्हणून त्याची जबाबदारी मोठी.

"मंग तुमी काहून दिला दुजोरा?"

सर फलकापर्यंत गेले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी वाचलं. 'सूचक : प्राचार्य सुदाम जाधव. अनुमोदक : प्रा. डॉ. संतराम वाबळे.' नाव बिनचूक होतं. त्यांच्या नावातलं 'डॉ.' लिहायला सगळे विसरायचे. या वेळी नेमकं तेही होतं.

"मी असं काही म्हणालो नाही," सर म्हणाले.

रुपा त्यांच्याकडं बघत राहिली. मग सावकाश तिच्या ध्यानात आलं.

"सर, तुमी तिथं बी 'बराबर' म्हणले का काय?"

पुजानं ओढणी तोंडात कोंबली. रुपा हसली नाही.

"बाबा म्हणले, अंधारात कोणाच्या फटफटीवर बसून जायचं न्हाई," ती म्हणाली. "घरी ऱ्हाय, बाहेरून फॉरम भर. बाबाचं तरी काय चुकलं? अन् एकदा घरी बसले, की मंग बाहेरून बी होत न्हाई, सर. आमच्या तांड्यावर तसल्या तिघी हायेत. आता लेकरं हायेत त्यायला."

तिचे वडील लालसिंग राठोड सरांना माहीत होते. मुलीला शिकवायला तयार झालेला तांड्यावरचा तो पहिला माणूस. नऊच्या गाडीच्या भरवशावर तयार झालेला. सर एवढंच म्हणाले, "बघतो मी."

"म्हंजे खरंच बघणार ना सर?" रुपानं विचारलं. "का हे बी तसलंच?"

सर तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आपलं 'बराबर' होकाराचं नव्हतं, शेवटचं अक्षर लांबवलेलं होतं, हे त्यांनी तळमळीनं सांगितलं. म्हणूनही दाखवलं. प्राचार्य शांतपणे ऐकत होते.

"सर," ते म्हणाले, "आता ती अक्षर लांबवायची खूण, तो अवग्रह, मी इतिवृत्तात कसा लिहू?"

"पण तुम्ही माझे जुने सहकारी. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"कळलं होतं की. पण सरळ म्हणायला हवं ते तुम्ही सरळ म्हणाला नाहीत, तर मी कशाला अर्थ लावत बसू? आता एकच करा. पुढच्या बैठकीत पहिला विषय असतो, मागचं इतिवृत्त कायम करणं. त्या वेळी उठून हरकत घ्या. पण बापूंसमोर घ्यावी लागेल. अन् 'बराबर' म्हणून चालणार नाही."

घरी गोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. सरांना वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"भाजी कशी झाली म्हणून विचारलं, की तुमी 'बराबऽर' म्हणता. मी गपचिप मीठ आणून ठेवते. मला समजते, माझा संसार हाय. त्या बापूला कोण समजून सांगावं?"

"लेकराचं मन मोडू नये म्हणून..."

"बापू काय लेकरू हाय का? सासरा झाला तो दोन जावयांचा! अन् खरं सांगू? लेकरांना तुमी मन मोडू नये म्हणून म्हणता. बापूला भेता म्हणून म्हणता. एकच शब्द ठेवलाय दोन्हीला, सोयीचा."

सरांनी ताटाकडं बघितलं. भाजी अळणी होती. त्या दिवशी त्यांनी मीठ मागितलं नाही; त्यांना ती शिक्षा योग्य वाटली.

पुढचे काही आठवडे सर सराव करत होते. मोटारसायकलवरून येता-जाता ते "चूक" असं म्हणून बघायचे. कधी ते फारच हळू यायचं, कधी पाल चुकचुकल्यासारखं. एकदा पेट्रोल पंपावर ते मोठ्यानं आलं आणि पंपावरच्या माणसानं घाबरून मीटर पुन्हा शून्यावर आणला.

दिवाळीच्या सुट्टीआधी बैठक भरली. नेहमीचं लांब टेबल, नेहमीची माणसं: बापू, प्राचार्य, वनस्पतिशास्त्राच्या डॉ. मिना कदम, वाणिज्यचा तरुण प्राध्यापक स्वप्निल, आणि संस्थेची दोन-चार मंडळी. प्राचार्यांनी पहिला विषय पुकारला. हा विषय कोणी ऐकत नसतं. पोह्यांच्या बशा फिरता फिरता मागचं इतिवृत्त आपोआप कायम होतं.

सर उठून उभे राहिले. बैठकीत बोलताना कोणी उभं राहत नसे, पण शिकवायचं म्हटलं की सरांना बसून बोलताच येत नसे.

"कायम करू नका," ते म्हणाले.

बशा थांबल्या.

"काय झालं सर? मिरची लागली का?" बापूंनी विचारलं.

"बापू, सात वाजताच्या ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. मी अनुमोदन दिलं नव्हतं."

"दोनदा दिलंय! या कानांनी ऐकलंय."

"मी 'बराबर' म्हणालो होतो."

"मंग?"

"माझं 'बराबर' म्हणजे... चूक असतं."

स्वप्निलनं मोबाइल पालथा ठेवला. सरांनी मग दुसरीचा वर्ग, सात आठे पंचावन्न, मिटलेलं तोंड, लांबवलेलं अक्षर, खडू, सगळं नीट सांगितलं. सवयीनं त्यांनी मध्येच "समजलं का?" असंही विचारलं. बापूंच्या कपाळावर आठ्या जमत चालल्या होत्या.

"म्हंजे मी दुसरीचं पोरगं?"

"नाही बापू," सर घाईनं म्हणाले. "दुसरीचं पोरगं पुन्हा मोजतं."

हे वाक्य आपल्या तोंडून आलं, यावर सरांचाच विश्वास बसला नाही. त्यांनी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. मिना मॅडमना ठसका लागला आणि त्या बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

बापू मात्र आता खरोखरच मोजायला लागले होते, बोटांवर.

"फाटकाच्या कमानीच्या टायमाला काय म्हणले होते तुमी?"

"बराबर म्हणालो होतो."

"अन् पोरांच्या गणवेशाच्या?"

"तेव्हाही."

"माझ्या वाढदिवसाला मी शिक्षणावर बोललो होतो. दीड घंटा."

"त्या दिवशी तीनदा म्हणालो होतो," सर खाली मान घालून म्हणाले.

खोलीत कोणीतरी फसकन हसलं आणि तो खोकला होता असं दाखवलं. बापूंचा चेहरा लाल झाला. थोडा वेळ त्यांनी टेबलावर बोटं वाजवली. मग एकदम विचारलं, "अन् गप? मी बोलताना तुमी कधी गप बसले का न्हाई?"

"बसलो होतो. मुलींच्या स्वच्छतागृहाचा ठराव तुम्ही आणलात तेव्हा. तो फार चांगला ठराव होता, बापू. मी पेन खाली ठेवला होता."

बापूंनी हुं केलं. ते हुं अगदीच वाईट नव्हतं.

"ठीक हाय. सरांचं नाव खोडा," ते प्राचार्यांना म्हणाले. "दुसरं कोणाचं बी घाला. कोण देतंय अनुमोदन?"

संस्थेची मंडळी एकमेकांकडं बघत होती. त्यांच्यातल्या एकाची नातही त्याच एसटीनं यायची. स्वप्निल बशीतले शेंगदाणे एका बाजूला करत होता. त्या समितीत प्राध्यापकांनी आजवर घेतलेल्या सहभागांपैकी हा बहुधा सगळ्यात मोठा होता, आणि तोही तोंड न उघडता.

मग मिना मॅडमनी ग्लास खाली ठेवला. "बापू, डोंगरकड्याकडून नऊच्या आधी गाडी नाही. माझ्या प्रॅक्टिकलच्या निम्म्या मुली त्या गाडीनं येतात. सातला भरवलं तर त्या यायच्या बंद होतील."

"मंग बाई, मागल्या टायमाला काहून न्हाई बोलल्या?"

मॅडम जरा अडखळल्या. "बोलणारच होते. पण वाबळे सर आधीच बराबर म्हणाले. तेही दोनदा. मला वाटलं, सर इथलेच, त्यांचे विद्यार्थी त्या तांड्यांवरचे; ते बराबर म्हणतायत तर काहीतरी सोय झाली असेल."

"मलाही तसंच वाटलं," स्वप्निल बशीतच बघत म्हणाला.

सर खाली बसले. आतापर्यंत घडलेल्या गोष्टीत त्यांना स्वतःची थोडी गंमत वाटत होती. घरी जाऊन गोजरबाईंना कशी सांगायची, याची जुळवाजुळवही मनात चालली होती. ती थांबली. लेकराचं तोंड मिटू नये म्हणून जो शब्द जपला, त्यानं या टेबलाभोवतीची दोन तोंडं मिटली होती, तीही चांगली शिकलेली.

"अनुमोदक नाही, तर ठराव उभा राहत नाही," प्राचार्य कोणाकडंही न बघता म्हणाले.

"पडू द्या मंग," बापू म्हणाले. "पण मी सोडला न्हाई. सुट्टी झाली की पुन्हा आणतो. पुण्याला जमते ते इथं काहून जमत न्हाई, ते मला कोणीतरी बराबर सांगा. बराबर म्हंजे... सर, आपलं, साऱ्या दुनियेचं बराबर."

सर पुन्हा उभे राहिले.

"त्या मुलींनाच बोलवा, बापू. समितीत विद्यार्थी प्रतिनिधीची जागा आहे. कायद्यातच आहे. आपण ती कधी भरलीच नाही."

"मांडा ठराव," बापू म्हणाले. "बघू तरी, कोण बोलते माझ्यापुढं ते."

सरांनी ठराव मांडला. सूचक म्हणून त्यांचं नाव पहिल्यांदाच लिहिलं जात होतं आणि प्राचार्य या वेळी 'डॉ.' विसरले. मिना मॅडम म्हणाल्या, "माझं अनुमोदन." एवढंच, आणि एकदाच.

दुसऱ्या दिवशी सरांनी रुपाला सांगितलं. तिचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"मी? बापूपुढं? न्हाई जमणार, सर. तुमीच सांगा ना आमच्याकडून."

"मी सांगितलं की काय होतं, ते बघितलंस ना तू?"



दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाक अरुंद. सरांचे गुडघे पुढच्या फळीला लागत होते. पुजा बापू झाली होती. खुर्चीत मागं रेलून, ओढणीचा पटका करून, तिनं नसलेल्या मिशीला पीळ दिला. रुपा फळ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात मागं बांधून.

"मी रुपा लालसिंग राठोड, बी.ए. द्वितीय वर्ष. माझं म्हणणं असं हाय, की..."

पुढचं तिच्या ओठांतच राहिलं.

सरांची मान सवयीनं हलायला लागली होती. त्यांनी ती हातानं धरली.

"ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

रुपानं दचकून वर बघितलं. सर असं कधी बोलत नसत.

"इथपर्यंत पोचलं नाही, रुपा. 'असं हाय की'च्या पुढं काय, ते मला कळलंच नाही. पहिल्यापासून सांग."

तिचे डोळे क्षणभर भरल्यासारखे झाले. पण सर बाकावरून उठले नाहीत. रुपानं नाक ओढलं, पाठीमागचे हात सोडले आणि आवाज चढवला. इतका, की व्हरांड्यातून जाणारी दोन पोरं थांबून आत डोकावली.

"आमची गाडी नऊला येते!"

"मंग लवकर उठत जा की!" पुजा बापूंच्या आवाजात गरजली.

"आमी पाचला उठतोत," रुपा म्हणाली. "गाडी उठत न्हाई."